गचपणातली सुई

पक्षी बघणारी माणसं शांत स्वभावाची असतात, असा लोकांचा एक समज आहे. तो ज्यांनी पसरवला त्यांनी आमचं मंडळ पाहिलेलं नाही. रविवारी सकाळी आम्ही बागेच्या दारात जमतो तेव्हा आमची हुज्जत ऐकून कावळे उठून पलीकडच्या झाडावर जातात. मागच्या वेळी दिसला तो शिक्रा होता की कोकिळेची मादी, दुर्बीण गळ्यात कोणी घालावी आणि बॅगेत कोणी ठेवावी, चहा आधी की नंतर, असे आमचे वाद. ते मिटवायला एकच न्यायालय होतं, आणि ते म्हणजे बाईंचं बोट.

बाई म्हणजे टायपिंगवाल्या बाई. अंगाने काटकुळ्या, पायात कॅनव्हासचे बूट, डोक्यावर उन्हाने रंग उडालेली टोपी. चालताना मान किंचित डावीकडे कललेली, जणू शेजारून कुणी गुपित सांगतंय. सायकलच्या दुकानावर एका लांबट खोलीत त्यांचा टायपिंगचा क्लास होता. दोन रांगांत मशिनं, भिंतीवर बोटांचा तक्ता आणि कडेला लाकडी आडोशामागे बाईंची खुर्ची. त्यांना तिथून कुणीही दिसत नसे, आणि सगळं ऐकू येत असे. वीस मशिनांचा तो कडकडाट चालू असताना आडोशामागून आवाज यायचा, "खिडकीजवळची, तिसरं बोट वापर, दुसऱ्यानं भागवू नकोस." किंवा, "मागचा, गाणं म्हणतोयस की अर्ज टाइप करतोयस?" मागचा खरंच गाणं म्हणत असे, पण मनातल्या मनात. ते बाईंना बोटांच्या ठेक्यावरून कळायचं.

त्या क्लासातून मी दोनदा परीक्षेला बसलो आणि दोनदा उताणा पडलो. "तुमची करंगळी आळशी आहे," एवढाच निकाल बाईंनी दिला होता. पुढे कित्येक वर्षांनी, पोट पुढे आणि केस मागे गेल्यावर, डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून मी बागेत आलो. आमच्या हिने सांगितलं म्हणून आलो हे जास्त खरं. तळ्याकाठी टोपी घातलेल्या एक बाई पाठमोऱ्या उभ्या होत्या. मी नुसतं "जरा वाट देता का" म्हणालो. त्या न वळताच म्हणाल्या, "करंगळी ना?"

त्या दिवसापासून मंडळात माझं नाव करंगळी पडलं. ऑफिसात मला साहेब म्हणतात, हे मी मंडळात कुणाला सांगितलेलं नाही. सांगून उपयोगही नव्हता.

संगणक आला आणि क्लास बंद झाला. मशिनं कापडाच्या झुली पांघरून तिथेच उभी राहिली. बाईंनी डोळ्यांतून पाणी वगैरे काढलं नाही. कानांना काम हवं म्हणून त्या सकाळी बागेत जाऊ लागल्या आणि पाखरांचा क्लास घेऊ लागल्या. झाडाखाली उभं राहायचं, मान कलवायची आणि बोट वर करायचं. बोट वर गेलं की पक्षी हिशेबात धरला. "वर, उजवीकडे, दुसरी फांदी, तांबट." आम्ही दुर्बिणी रोखायचो, आणि तांबट तिथे असायचाच, शाळेत हजेरी द्यायला बसल्यासारखा.

यातूनच मंडळाचा नियम झाला, की बाईंचं बोट वर गेल्याशिवाय पक्षी धरायचा नाही. नियमाला कारण झाले ते आमचे दातांचे डॉक्टर. त्यांनी एकदा फांदीत अडकलेली प्लास्टिकची पिशवी अर्धी सकाळ घुबड म्हणून आम्हाला दाखवली होती आणि वर "झोपलंय, हळू बोला" अशी तंबीही दिली होती. बाई उशिरा आल्या, कान देऊन म्हणाल्या, "डॉक्टर, तुमचं घुबड फडफडतंय." तेव्हापासून डोळ्यांवरचा आमचा भरवसा उडाला. आमच्यात एक विम्याचे एजंट आहेत. त्यांच्या गळ्यात एवढा मोठा कॅमेरा असतो, की त्यांना सगळे कॅमेराच म्हणतात. ते बिचारे फोटो काढून पुरावा दाखवायचे. बाई बघायच्याही नाहीत. "फोटो कालचाही असतो. आवाज आत्ताचा असतो."

आता सुईविषयी सांगायला हवं.

बागेच्या मागच्या अंगाला तळं आहे. त्याच्या एका काठाला पाणकणसं, लव्हाळी आणि नाव नसलेली झुडपं यांची अशी दाटी झाली होती, की चेंडू आत गेला तर मुलं नवा चेंडू मागत. आम्ही त्याला गचपण म्हणायचो. झाडांना तांबूस पालवी फुटायची, तळ्याचं पाणी थोडं मागे सरायचं, पाणकणसं वाळून कुरकुर वाजायला लागायची, आणि मग एका सकाळी त्या गचपणात एक पाखरू येऊन उतरायचं. चिमणीच्या निम्मं, वाळक्या पानाच्या रंगाचं. पुस्तकात त्याचं नाव लांबलचक आहे. बाई त्याला सुई म्हणायच्या, कारण त्याचा आवाज. काचेवर सुईच्या टोकाने हळूच रेघ ओढावी, तसा. दिसायचं ते जवळजवळ कधीच नाही. आवाजावरूनच धरायचं. बाईंना तो बागेच्या दारातून ऐकू येई. आम्हाला अर्ध्या तळ्याला वळसा घातल्यावर.

शहरात सुई दुसरीकडे कुठे येत नाही, असं बाईंचं मत होतं. खरंखोटं कोणी तपासलं नाही. पण वसंतात सुई आली, की बाई आठवडाभर निराळ्याच असायच्या. बूट धुतलेले, आवाज चढा, डॉक्टरांची चेष्टा दुप्पट. भाऊ गेल्यावर त्या आणि त्यांची भावजय अशा दोघीच घरात राहायच्या. भावजय म्हणायची, "वन्संना आयुष्यात कोणी बघायला आलं नाही, पण ही सुई येते तेव्हा घरात पाहुणे आल्यासारखं वागतात." बाईंचं त्यावर म्हणणं, "हिला पाखरू आणि झुरळ यातला फरक कळत नाही."

बिघाड पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आला, यावर मंडळात वाद नाही. डॉक्टरांच्याच. एका सकाळी फुललेल्या झाडाखाली आम्ही उभे होतो आणि आमच्या डोक्यावर शिंजीर चिवचिवून जीव काढत होता. बाईंनी मान कलवली, थांबल्या, आणि म्हणाल्या, "इथे काही नाही. चला." आम्ही चाललो. चार पावलांवर डॉक्टरांनी माझा दंड धरला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि बाईंच्या मागून चालत राहिलो.

पुढे ते वाढत गेलं. जाड आवाज बाईंना येत होते. कोकीळ, पाणकोंबडी, कोतवाल यांच्यावर बोट बरोबर वर जाई. बारीक आवाजांवर मात्र बोट खालीच. ज्या कडकडाटाने तो कान घडवला, त्यानेच तो आतून खाल्ला असावा, असं डॉक्टरांचं म्हणणं. घरी टीव्हीचा आवाज चढला होता. "वन्सं, टीव्ही आपण आपल्या घरात लावलाय, शेजाऱ्यांच्या नाही," असं भावजय सांगायची. बाईंचं उत्तर ठरलेलं, "हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात."

"तुम्ही सांगा," मी डॉक्टरांना म्हणालो. "तुमचा धंदाच वाईट बातम्या सांगण्याचा आहे."

"दात किडला तर तोंडावर सांगतो मी. कारण दुसरा बसवता येतो," डॉक्टर म्हणाले. "हे काय सांगू? सांगून देऊ काय हातात?"

त्यापेक्षा त्यांनी एक युक्ती काढली. बारीक आवाजाचा पक्षी ओरडला, की डॉक्टर त्या फांदीकडे मान वर करून बघत राहायचे, तोंड थोडं उघडं, वरच्या दाढेची तपासणी चालल्यासारखे. बाईंची नजर त्यांच्यावर जायची, मग फांदीवर, मग बोट वर. "शिंजीर," बाई म्हणायच्या. "शाब्बास," आम्ही म्हणायचो. हळूहळू आम्ही सगळेच ती कला शिकलो. पाच-सहा प्रौढ माणसं झाडाकडे तोंडं करून उभी, आणि मधोमध बाई आमच्या तोंडांवरून पाखरं वाचतायत. बाईंना हे कळत होतं की नाही, देव जाणे. मला वाटतं, कळत नव्हतं. आपण ऐकतोय असंच त्यांना वाटायचं. माणसाचं मन असं दयाळू असतं, आणि म्हणूनच ते धोकादायक असतं.

असं एक वर्ष निभावलं. त्या वसंतात सुईवरही बोट वर गेलं. डॉक्टर गचपणाकडे इतका वेळ आ वासून बघत राहिले, की त्यांच्या तोंडात चिलट गेलं.

पुढच्या वर्षी पालवी फुटायच्या सुमारास बागेत फलक लागला. तळ्याभोवती चालायचा रस्ता रुंद होणार होता. रुंद म्हणजे गचपण काढून. फलकावर एक चित्रही होतं. त्यात गुळगुळीत रस्ता, त्यावर तीन गोरीगोमटी माणसं पळतायत आणि तळ्यात एक हंस. "हा हंस कुठून आणणार आहेत?" कॅमेऱ्याने विचारलं. "ठेक्यातच असेल," डॉक्टर म्हणाले.

बाई हसल्या नाहीत. सोमवारी त्या एकट्याच उद्यान विभागाच्या कचेरीत गेल्या. अधिकारी मीटिंगला गेलेत असं शिपायाने सांगितलं. बाई बाकावर बसल्या. मीटिंग संपली आणि दुसरी सुरू झाली, तरी बसल्या. जेवणाची सुट्टी झाली तेव्हा अधिकारी डबा घेऊन बाहेर आला आणि त्याला बाईंना ओलांडून जाता येईना. तो तसा बरा माणूस होता. तरुण, घाम पुसत बोलणारा. बाईंचं सगळं ऐकून तो म्हणाला, "घरटं करणारा पक्षी असेल, तर तेवढा काठ सोडायचा असा आदेशच आहे आम्हाला. पण असेल तर. मला दाखवा. या रविवारी मी येतो. सोमवारी ठेकेदाराचं मशीन लागतंय."

बाई आम्हाला हे सांगताना चहा प्यायला विसरल्या. "असेल तर म्हणाला. एवढंच तर पाहिजे होतं. सुई आली की झालं."

सुई आलीच होती. ती शुक्रवारी सकाळी आली. कॅमेऱ्याने ऐकली, मी ऐकली, डॉक्टरांनी दवाखाना उघडायच्या आधी धावतपळत येऊन ऐकली. बाईंना आम्ही सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर "मग मला कशी ऐकू आली नाही?" याचं उत्तर द्यावं लागलं असतं. त्याही रोज तळ्यावर येत होत्या. "अजून आलेली नाही," असं काळजीच्या सुरात म्हणत होत्या. डॉक्टर म्हणाले, "रविवारी आपण नेहमीसारखं करू. मी बघेन, बाई बोट वर करतील, काम फत्ते. चिलट गेलं तर जाऊ दे."

रविवारी अधिकारी आला. सुट्टीच्या दिवशी उठावं लागल्यामुळे चेहरा सुजलेला, पण आला. गचपणासमोर आम्ही अर्धवर्तुळ करून उभे राहिलो. ऊन कोवळं होतं, वारा नव्हता. इतकं चांगलं वातावरण ऐन वेळी मिळालं, की माणसाने आधीच सावध व्हावं.

बाई पुढे झाल्या. टोपी काढून हातात घेतली. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "आज कोणी हलायचं नाही आणि कुजबुजायचं नाही. मला नीट ऐकू दे. आज चूक झालेली चालणार नाही."

आणि त्यांनी डोळे मिटले.

डॉक्टरांनी मान वर केलेली होती, तोंड उघडलेलं होतं. ते तसेच राहिले.

सुई ओरडली. आमच्यापासून दोन हातांवर असेल. काचेवर स्वच्छ रेघ. थांबली, पुन्हा ओढली. इतकी जवळून मी ती कधीच ऐकली नव्हती. बाई मान कलवून उभ्या होत्या, मिटल्या डोळ्यांवर ऊन पडलेलं, चेहरा परीक्षेला बसलेल्या मुलीसारखा. सुई ओरडत होती, आणि त्या ऐकण्याचा प्रयत्न करत होत्या. टोपी धरलेला हात घट्ट होत गेला.

मग त्यांनी डोळे उघडले.

"नाही," त्या म्हणाल्या.

"बाई, मला वाटतं, जरा थांबून..." डॉक्टर म्हणाले.

"वाटण्यावर आपण पक्षी धरत नाही, डॉक्टर." त्या अधिकाऱ्याकडे वळल्या. "यंदा अजून आलेली नाही. मी खोटं सांगितलं असतं, तुम्हाला कळलंही नसतं. पण पुढच्या वेळी मी खरं सांगेन तेव्हा तुम्ही कशाला ऐकाल? ती उशीर करतेय. मला थोडे दिवस द्या."

"दिवस माझ्या हातात नाहीत हो," अधिकारी म्हणाला. मग त्याने कान टवकारले. "पण हे काय वाजतंय? बारीक. सायकलचा ब्रेक लागावा तसं."

"कुठे?" बाई म्हणाल्या.

"हे काय. आत्ता. इथेच कुठेतरी."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे. आमच्या चेहऱ्यांवर त्या काय वाचत होत्या, ते मला माहीत नाही. माझा चेहरा मी बुटांच्या नाड्यांकडे वळवला होता. ती शांतता आणखी एक क्षण टिकली असती, तर बाईंना सगळं कळलं असतं. तेवढ्यात कॅमेरा पुढे सरसावला. एजंट माणूस, अडचणीत पहिला बोलतो.

"झोपाळा असेल साहेब," तो म्हणाला. "मुलांच्या बागेतला. कडी गंजलीय, सकाळपासून किरकिरतोय."

"अच्छा," अधिकारी म्हणाला. "उद्या तेल घालायला सांगतो."

बाईंच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "तेल लावा हो, मुलं पडायची," त्या म्हणाल्या.

अधिकारी गेला. बाई घरी गेल्या. आम्ही चहाच्या टपरीवर बसलो आणि मंडळाच्या इतिहासातलं सगळ्यात हळू आवाजातलं भांडण झालं.

"झोपाळा?" डॉक्टर म्हणाले. "अरे, जीभ झडली नाही तुझी?"

"मग काय म्हणायला हवं होतं? साहेब, तो पक्षीच आहे, आमच्या बाई ठार बहिऱ्या झाल्यायत? त्या तिथे उभ्या असताना?" कॅमेऱ्याने ग्लास खाली ठेवला. "तुम्ही का नाही बोललात? तोंड तर उघडंच होतं तुमचं."

डॉक्टरांनी तिथूनच अधिकाऱ्याला फोन लावला. आम्ही कान लावून बसलो.

"साहेब, पक्षी आहे. सकाळी तुम्ही जे ऐकलंत ना, ते तेच." पलीकडून काहीतरी लांबलचक आलं. डॉक्टर म्हणाले, "हो, त्या नाही म्हणाल्या. पण त्यांना आज जरा... सर्दी होती." पलीकडचा माणूस हसला, ते आम्हालाही ऐकू आलं. फोन ठेवून डॉक्टर म्हणाले, "म्हणतो, बाईंचा प्रामाणिकपणा त्याला फार आवडला. म्हणतो, बाकीचे लोक काहीही सांगतात."

"सर्दी कशाला म्हणालात? बहिऱ्या आहेत असं सांगायचं होतं," मी म्हणालो.

"घे फोन. तू सांग."

मी घेतला नाही. कोणीच घेतला नाही. फोन टेबलावर बिस्किटांच्या बशीशेजारी पडून राहिला, आणि थोड्या वेळाने त्याचा दिवा आपोआप विझला.

सोमवारी मशीन लागलं. पुढच्या रविवारपर्यंत गचपणाच्या जागी ओल्या मातीचा सपाट काठ झाला होता. कडेला खडीचे ढीग आणि खांबांना ताणलेली दोरी. पाणी इतकं उघडं पडलं होतं, की बघायला संकोच वाटावा. बाई बराच वेळ बघत उभ्या राहिल्या.

"वाईट झालं," त्या म्हणाल्या. "पण निदान कुणाचं घर नाही मोडलं."

आमच्यापैकी एकालाही तळ्याकडे बघवेना. म्हणून ती पहिल्यांदा बाईंनाच दिसली. दोरीवर. वाळक्या पानाच्या रंगाचं ते पाखरू, जे इतक्या वर्षांत आम्हाला कधी धड दिसलं नव्हतं. लपायला जागाच उरली नव्हती. चोचीत गवताची एक काडी होती. ती टाकली आणि सुई ओरडायला लागली.

बाईंनी दुर्बीण लावली. आम्ही ऐकत होतो. त्या बघत होत्या. चोच उघडत होती, मिटत होती. गळ्यावरची पिसं थरथरत होती. त्या दुर्बिणीतून पाखराचा गळा कसा दिसतो, ते मला माहीत आहे. श्वाससुद्धा मोजता येतो.

पुष्कळ वेळाने त्यांनी दुर्बीण खाली घेतली.

"ओरडतेय?" त्यांनी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "हो."

"आत्तासुद्धा?"

"हो, बाई."

"मोठ्यानं?"

डॉक्टरांनी नुसती होकाराची मान हलवली.

"त्या रविवारी झोपाळा नव्हता तो."

कॅमेऱ्याने कॅमेऱ्याच्या पट्ट्याशी काहीतरी चाळा सुरू केला. बाई त्याच्यावर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या क्लासातल्यासारख्या सरळ आवाजात बोलल्या. आता तो आवाज जरा जास्तच मोठा झालेला होता, एवढंच. तळ्यापलीकडे चालणारे लोकही वळून बघायला लागले.

"अहो, तुम्ही सांगितलं असतंत तर काय झालं असतं? मी बहिरी ठरले असते. ती मी आहेच. पण काठ राहिला असता." मग थोडं थांबून, "माझ्याच तोंडून वदवलंत. मीच सांगितलं त्याला, नाही म्हणून."

त्या निघाल्या. आम्ही मागे गेलो नाही. डॉक्टर म्हणाले, "आपण चांगल्यासाठीच..." आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. सुई आणखी दोन दिवस त्या दोरीवर दिसली, असं कॅमेरा म्हणतो. मी गेलो नाही.

मंडळ कोणी मोडलं नाही. ते आपोआप सुकलं. रस्ता झाला, चांगला झाला. डॉक्टर आता त्यावर भराभर चालतात, हातात घड्याळासारखं काहीतरी बांधून. कॅमेरा लोकांच्या वाढदिवसाचे फोटो काढतो. म्हणतो, माणसं निदान हलत नाहीत. झोपाळ्याला अधिकाऱ्याने खरंच तेल घातलं. माणूस शब्दाचा पक्का.

पुढच्या वसंतात झाडांना पालवी फुटली, तसा मी मात्र रोज सकाळी तळ्यावर जाऊन उभा राहू लागलो. मान कलवूनही पाहिली. पालवी जून झाली, तरी काचेवर रेघ ओढली गेली नाही. मग एका संध्याकाळी मी बाईंकडे गेलो.

दार भावजयीने उघडलं. "या. जरा मोठ्यानं बोला," ती म्हणाली. "यंत्र आणलंय कानाचं, डबीत असतं. घातलं की म्हणतात, भांडी आपटू नकोस. काढलं की म्हणतात, तू अबोला धरलायस. कानाच्या डॉक्टरनी सांगितलंय, बारीक आवाज गेले ते गेले. यंत्रानं फक्त माझा आवाज वाढेल." ती हसली, पण नेहमीसारखी नाही. "आता भांडायलाही मजा येत नाही हो. एकटीनं किती भांडायचं?"

बाई खिडकीशी बसल्या होत्या. मला बघून खूष झाल्या. "करंगळी," म्हणाल्या. चहा आला. इकडचं तिकडचं झालं. आमच्या हिचे गुडघे, डॉक्टरांचं नवीन घड्याळ. मग त्यांनी कप खाली ठेवला.

"आली का?"

मी ठरवून गेलो होतो, की या वेळी काय असेल ते खरं सांगायचं. "नाही, बाई," मी म्हणालो. इतक्या मोठ्याने, की भावजय स्वयंपाकघरातून डोकावली. "नाही आली."

बाई माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. कान गेल्यापासून त्या असंच बघतात. मग हळूच हसल्या.

"आली असणार," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगत नाही आहात. मी तिथे येऊन उगीच कान लावून उभी राहीन आणि मला वाईट वाटेल, म्हणून."

"नाही हो बाई. खरंच नाही आली. मी रोज जातो."

"रोज जाता ना? मग. नसती आली तर रोज कशाला गेला असतात?"

"बाई, शपथ घेऊन सांगतो."

"असू दे. वाईट नाही वाटत आता मला." त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. "पलीकडच्या काठाला बांधलं असेल यंदा. तिथे जरा गवत आहे."

पलीकडच्या काठाला सिमेंटची बाकं आहेत. मी तेही सांगितलं, शब्दन् शब्द सुटा करून. त्या मान डोलावत राहिल्या. लहान मूल थाप मारताना पकडलं गेलं आणि तरी मारत राहिलं, की मोठी माणसं डोलावतात तशी.

"बरं," त्या म्हणाल्या आणि माझा कप माझ्याकडे सरकवला. "घ्या. निवतोय."